छप्पर काढायला तेरा वर्षं का लागली?

नाशिकच्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे: "काका, मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जॅग्वारची एक्सजे-एस ही कूपे, म्हणजे पक्क्या छपराची दोन दारांची गाडी, १९७५ साली आली आणि तिचीच पूर्ण उघडी कन्व्हर्टिबल १९८८ साली. नुसतं छप्पर काढायला तेरा वर्षं कशी लागतात? आपल्या थारचा टप तर हाताने उघडतो. विचारायचं कारण म्हणजे माझ्या मामाला त्याच्या जुन्या सेडानचं छप्पर कापून वरातीसाठी उघडी गाडी करायची आहे. गॅरेजवाला म्हणतो, आठ दिवसांचं काम आहे."

आधी मामाचं, कारण ते तातडीचं आहे. गाडी कापू देऊ नका. गॅरेजवाला आठ दिवस सांगो, महिना सांगो, उत्तर तेच. का, ते आता नीट सांगतो.

मी अंबडच्या टूलरूममध्ये तीस वर्षांहून जास्त काळ बॉडी शॉपसाठी वेल्डिंग फिक्श्चर आणि चेकिंग फिक्श्चर बनवली, म्हणजे पत्रे जागेवर धरून जोडायची आणि मापं तपासायची साधनं. कारखान्यात रंग लागण्याआधीची नागडी बॉडी आमच्यासमोर यायची आणि आम्ही फटी मोजायचो. दार आणि पिलर, म्हणजे छप्पर पेलणारा उभा खांब, यांच्यातली फट चार मिलिमीटर हवी असेल आणि साडेपाच आली, तर कुठला पत्रा कुठे ओढला गेला ते शोधत रात्र जायची. छप्पर गाडीत काय काम करतं, हे मी पुस्तकात नंतर वाचलं. आधी ते फटींवरून कळलं.

तू घरी एक प्रयोग कर. प्लंबिंगच्या दुकानातून ५० मिलिमीटर व्यासाचा, २ मिलिमीटर जाडीचा पीव्हीसी पाइप हातभर आण. दोन्ही टोकं धरून पिळून बघ. हलणार नाही. आता हॅक्सॉने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ एक चीर पाड. चीरच फक्त, तुकडा काढायचा नाही. वजन तेवढंच, प्लास्टिक तेवढंच. परत पिळ. ओला पंचा पिळावा तसा पिळला जाईल. हिशोब असा: बंद नळी चिरलेल्या नळीपेक्षा किती पट ताठ, तर मध्य-त्रिज्येला जाडीने भाग, त्याचा वर्ग कर आणि तिपटीने वाढव. इथे मध्य-त्रिज्या २४, जाडी २, म्हणजे १२. वर्ग १४४, तिप्पट ४३२. एका चिरेने पिळाविरुद्धची ताठरता चारशे पटींहून जास्त घटली.

गाडी काही शुद्ध नळी नाही. दारं, काचा, डिकी अशी भोकं तिला आधीच आहेत, त्यामुळे छप्पर काढल्यावर चारशे पट घट होत नाही. पण फ्लोअर, दाराखालचे सिल, पिलर आणि छप्पर मिळून एक बंद पेटी झालेली असते. खड्ड्यात पुढचं डावं चाक खाली गेलं की ही पेटी पिळली जाते आणि तो पीळ छप्पर आपल्या अंगावर घेतं. छप्पर काढलं की उरतो तो ट्रे. झाकण लावलेला बुटांचा खोका आणि झाकण काढलेला खोका पिळून बघितलास तरी हेच दिसेल.

आता थारचं. नाशिकच्याच कारखान्यात बनते म्हणून आपल्याला तिचा अभिमान आहे, आणि २०२० च्या थारमध्ये कापडी टपाचा आणि हार्डटॉपचा, दोन्ही पर्याय मिळाले हे खरंच आहे. पण तिच्या खाली लॅडर फ्रेम आहे, म्हणजे शिडीसारखी जाड पोलादी चॅनलची वेगळी चौकट. बॉडी त्या चौकटीवर रबरी माउंटिंगवर बोल्टने बसवलेली असते. चाकांकडून येणारा पीळ मुख्यतः ती शिडी घेते, आणि माणसांच्या डोक्यासाठी आत रोल केज, म्हणजे पोलादी पिंजरा आहे. टप तिथे फक्त ऊन-पाऊस अडवतो. मामाची सेडान मोनोकॉक आहे. तिला वेगळी शिडी नाही, तिची बॉडी हीच तिची चौकट. म्हणून "थारचा निघतो, मग हिचा का नाही" ही तुलनाच लागू होत नाही.

बारा-एक वर्षांपूर्वी नाशिकरोडकडच्या एका मंडप-डेकोरेशनवाल्याची अशीच कापलेली गाडी मी बघितली होती. पिलर खांद्याच्या उंचीवर कापलेले, कडेला पाइप फिरवलेला, वर लाल मखमल. पहिली लग्नसराई संपायच्या आत मागची दारं उघडेनाशी झाली, म्हणून मला बोलावलं. मी दुसरं काही न करता सिलच्या मध्यावर जॅक लावला आणि थोडा चढवला. दार बोटाने उघडलं. पुढची आणि मागची चाकं हे दोन टेकू, मध्ये माणसांचा भार. फ्लोअर मध्ये बसला की दोन्ही बाजूंचे पिलर वरच्या टोकाला एकमेकांकडे झुकतात आणि दार वर आवळलं जातं. वरची फट जेमतेम दीड मिलिमीटर, खालची नऊच्या आसपास. समोरच्या काचेच्या पिलरच्या बुडाशी, डोळ्याला दिसेल अशी, बोटभर चीर गेलेली. त्याच गाडीत नवरदेव, करवली आणि वर चार पोरं उभी राहून नाचायची. मला तेव्हा घाम फुटला होता. त्या भल्या माणसाने ऐकलं आणि ती गाडी बंद केली.

आता जॅग्वार. तुझा प्रश्न चांगला आहे, कारण या कंपनीला उघडी गाडी कशी करायची हे माहीत नव्हतं असं अजिबात नाही. १९६१ ची ई-टाइप पहिल्या दिवसापासून उघडी आणि बंद अशा दोन्ही रूपांत होती, आणि १९७४ मध्ये बनलेल्या शेवटच्या ई-टाइप उघड्याच होत्या. मग तिची जागा घेणारी गाडी नुसती कूपे का? तर अमेरिकेमुळे. १९७० च्या आसपास अमेरिकेत गाडी उलटल्यावर माणूस वाचला पाहिजे अशा कडक नियमांची चर्चा होती आणि उघड्या गाड्यांवर जवळजवळ बंदीच येणार असं सगळ्या कंपन्यांनी धरलं. जॅग्वारची मोठी बाजारपेठ तीच. म्हणून एक्सजे-एस आखतानाच बंद आखली गेली. नियम त्या रूपात कधी आलाच नाही. पण डाय, म्हणजे पत्रा दाबून आकार देणारे साचे, तोपर्यंत कापून झाल्या होत्या, आणि आमच्या धंद्यात डाय कापून झाली की मत बदलायला फार पैसे लागतात.

गाडीचा आकार माल्कम सेयर यांचा. हवेचं गणित मांडून रेषा काढणारा हा माणूस १९७० मध्येच गेला आणि पुढचं काम डग थॉर्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुरं केलं. फ्लोअर एक्सजे सलूनचा, म्हणजे कंपनीच्या चार दारांच्या गाडीचा, पण चाकांमधलं अंतर कमी करून २५९१ मिलिमीटरवर आणलेला. पुढे ५.३ लिटरचं १२ सिलिंडरचं इंजिन. मागच्या काचेच्या दोन्ही बाजूंनी छपरापासून डिकीपर्यंत उतरत जाणारे दोन पंख होते. ते अनेकांना आवडले नाहीत. मला आवडतात. पण उघड्या गाडीच्या दृष्टीने बघ: छप्पर, ते पंख आणि डिकीची कड, सगळं एकसंध ओतल्यासारखं. यातलं छप्पर काढायचं म्हणजे गाडीचा मागचा अर्धा भाग नव्याने काढणं आलं. त्यात पेट्रोलची टाकी मागच्या सीटच्या पाठीमागे, आडवी. कापडी हूड घडी होऊन नेमका जिथे बसायला हवा, तिथेच टाकी.

मधल्या काळात कंपनीच धोक्यात होती. १९८० साली एक्सजे-एस वर्षभरात जेमतेम हजारभर बनल्या. १९८१ मध्ये मायकेल मे या स्विस इंजिनिअरच्या रचनेचे नवे सिलिंडर हेड आले, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण दाबण्याचं प्रमाण, १२.५ ला १ पर्यंत गेलं, पेट्रोल कमी लागू लागलं आणि गाडी तगली. कुणाच्या डोक्यात उघड्या गाडीचा विचार यायला त्यानंतरच जागा झाली.

१९८३ मध्ये आली एक्सजे-एससी. ही कॅब्रिओले, म्हणजे निम्मं उत्तर. दारांवरची छपराची कड तशीच ठेवली, डोक्यामागचा आडवा पट्टा ठेवला, मधले दोन तुकडे उचलून काढायचे आणि मागचा भाग तेवढा दुमडायचा. मागची सीट काढून तिथे सामानाची जागा केली. दिसायला ओढाताणीचं वाटतं, पण इंजिनिअर म्हणून मला त्यातला प्रामाणिकपणा भावतो. त्यांना कळत होतं की कडेचा तो लांब पट्टा काढला तर पेटी उघडी पडेल, म्हणून तेवढं हाड त्यांनी सोडलं नाही. गिऱ्हाईक मात्र पूर्ण आकाश मागत होतं. १९८६ पासून अमेरिकेत सिनसिनाटीच्या हेस अँड आयझेनहार्ट या कोचबिल्डरने, म्हणजे गाड्यांच्या बॉडी बनवून-बदलून देणाऱ्या कंपनीने, कूपे घेऊन तिची पूर्ण कन्व्हर्टिबल करून द्यायला सुरुवात केली. टाकीचा प्रश्न त्यांनी एका टाकीच्या दोन टाक्या करून सोडवला, त्यामुळे हूड खाली खोल बसला. जॅग्वारने स्वतःच्या गाडीत टाकी जागेवरच ठेवली, म्हणून तिचा दुमडलेला हूड मागे उंच दिसतो. एकाने रेषेसाठी टाकी हलवली, दुसऱ्याने टाकीसाठी रेष सोडली. फुकट काहीच मिळत नाही.

शेवटी मार्च १९८८ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात कंपनीची स्वतःची कन्व्हर्टिबल उभी राहिली. उघड्या गाड्या बनवण्यात मुरलेल्या जर्मनीच्या ऑस्नाब्रुकमधल्या कार्मानची मदत तिच्यासाठी घेतली होती. या गाडीत काय केलं ते मामाच्या गॅरेजवाल्याला वाचून दाखव. सिलच्या पोटात आणि समोरच्या काचेच्या पिलरमध्ये पोलादी नळ्या घातल्या. फ्लोअरला जागोजागी मजबुती दिली. बरेच पत्रे नव्याने काढले. हूडला आतून अस्तर, विजेवर उघडझाप आणि मागे तापणारी खरी काच. एवढं करून गाडी कूपेपेक्षा शंभर किलोच्या आसपास जड झाली. छप्पर काढलं आणि वजन वाढलं! छपराचं काम फ्लोअरला शिकवायचं तर फ्लोअरला तेवढं पोलाद खाऊ घालावं लागतं. तेरा वर्षांतला शुद्ध इंजिनिअरिंगचा वेळ बराच कमी असेल. बाकीचा वेळ चुकीच्या टोकापासून सुरुवात केल्याची किंमत होती.

ही किंमत दिसायला मर्सिडीजची १०७ ही मालिका शेजारी ठेव. उघडी एसएल एप्रिल १९७१ मध्ये आली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात तिचीच कूपे, एसएलसी. मध्ये फक्त सहा महिने! कारण त्यांनी आधी उघडी गाडी आखली. फ्लोअरच्या मधला बंद टनेल, पेटीसारख्या आडव्या-उभ्या तुळया, जिथे जसा भार तिथे तशा जाडीचा पत्रा, असा फ्लोअर आधी मजबूत केला. समोरच्या काचेची चौकट गाडी उलटली तरी टिकेल अशी केली. मग कूपेसाठी चाकांमधलं अंतर २४६० वरून २८२० मिलिमीटर केलं, ३६० मिलिमीटरची भर घातली, मागे माणसं बसतील एवढी जागा काढली आणि वर पक्कं छप्पर ठेवलं. ताठ गाडीवर छप्पर चढवलं तर ती आणखी ताठ होते, त्यात हरण्यासारखं काही नाही. अमेरिकेच्या नियमाची भीती त्यांनाही तेवढीच होती. त्यांनी तिला पिलरमधून उत्तर दिलं. एसएल १९८९ पर्यंत चालली, २,३७,२८७ गाड्या बनल्या. तिच्यानंतरच्या एसएलमध्ये तर गाडी कलंडतेय असं कळताच सीटमागची कमान तीन दशांश सेकंदात आपोआप उभी राहायची.

माझं म्हणणं या दोन गाड्यांमधल्या फरकात आहे. एकाच मॉडेलच्या कूपे आणि कन्व्हर्टिबल दोन्ही हव्या असतील, तर कागदावर पहिली रेष उघड्या गाडीची काढायची.

ताठरतेच्या बाबतीत एक गोष्ट वर्गात सहसा नीट सांगत नाहीत, ती सांगतो. गाडी मोडणार नाही एवढी मजबूत असणं वेगळं आणि थरथरणार नाही एवढी ताठ असणं वेगळं. रस्त्यावर चाक स्प्रिंगवर नाचतं ते साधारण सेकंदाला १० ते १५ वेळा. बंद बॉडीची पीळ खाण्याची स्वतःची वारंवारता यापेक्षा बरीच वर असते, म्हणून दोघांची गाठ पडत नाही. छप्पर काढलं की बॉडीची वारंवारता खाली येते आणि चाकाच्या नाचाच्या जवळ जाते. मग झोका योग्य वेळी ढकलल्यासारखं होतं. काउल, म्हणजे डॅशबोर्डखालचा आडवा पत्रा, थरथरतो, स्टिअरिंग हातात डळमळल्यासारखं वाटतं, आरशातलं चित्र पुसट होतं. लाखो रुपये मोजून घेतलेल्या आलिशान गाडीत हे चालत नाही. पोलाद घालून वारंवारता वर न्यायची हा एक उपाय. दुसरा उपाय म्हणजे गाडीच्या कोपऱ्यात रबरावर किंवा स्प्रिंगवर टांगलेलं ठराविक वजन बसवायचं. बॉडी एकीकडे जाते तेव्हा ते दुसरीकडे जातं आणि थरथर गिळतं. १९६० च्या दशकातल्या काही अमेरिकन उघड्या गाड्यांत अशी वजनं होती, आजही वापरतात.

हूडबद्दल थोडक्यात. चांगल्या हूडचं कापड तीन थरांचं असतं: बाहेर विणलेलं कृत्रिम धाग्याचं, मध्ये रबराचा पापुद्रा, आत सुती. पाणी कापडातून येत नाही, ते दाराची काच हूडला जिथे टेकते तिथून येतं, कारण तिथे काचेला चौकट नसते. म्हणून नव्या गाड्यांत दार उघडताना काच बोटभर खाली सरकते आणि बंद झाल्यावर परत वर जाऊन रबरात घुसते. या रबराचा खरा कस बघायचा तर कारखान्यातल्या शॉवर टेस्टनंतर, म्हणजे गाडीवर पाण्याचे फवारे मारून बघितल्यावर, जुलैत इगतपुरीला जावं. पत्र्याच्या दुमडणाऱ्या छपरांचीही मध्ये मोठी लाट आली होती. १९९६ च्या मर्सिडीज एसएलकेत ते २५ सेकंदांत डिकीत जायचं, पण डिकी खाऊन टाकायचं आणि वजन मागे टाकायचं. २०२१ ची एसएल परत कापडावर आली. मला ते योग्य वाटतं.

जॅग्वारने धडा घेतला का, असं तू विचारशील. एक्सजे-एस १९९६ पर्यंत बनली, एकूण १ लाख १५ हजारांहून जास्त. त्याच वर्षी आलेली एक्सके-८ जुन्याच फ्लोअरच्या वंशातली होती, पण कूपे आणि कन्व्हर्टिबल काही आठवड्यांच्या अंतराने दाखवल्या. २००६ च्या एक्सकेची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची, रिव्हेट आणि चिकटद्रव्याने जोडलेली. ठिपक्याठिपक्यांच्या स्पॉट वेल्डिंगपेक्षा सलग चिकटलेली शिवण पीळ चांगला सोसते, हे आमच्या फिक्श्चरवरही आम्ही बघितलं आहे. आणि मग एफ-टाइप. ती २०१२ मध्ये पॅरिसला दाखवली ती उघडी. कूपे त्यानंतर वर्षभराने. कंपनीने त्या कूपेची ताठरता ३३,००० न्यूटन-मीटर प्रति अंश सांगितली, म्हणजे बॉडी एक अंश पिळायला तेवढा जोर लागतो. क्रम उलटला होता, आणि यावेळी तो बरोबर होता.

आता परत मामाकडे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या रचनेत असा बदल करायला मनाई करतं, म्हणजे कागदपत्रं आणि विमा दोन्ही अडकणार. पण मी कायद्यासाठी सांगत नाही. वरातीत गाडी ताशी पाच किलोमीटरने चालते, हे कबूल. वरातीच्या ठिकाणी जाताना आणि रात्री परत येताना ती मुंबई-आग्रा हायवेवरच असते, साठ-सत्तरने, आणि समोरच्या पिलरचं वरचं टोक तेव्हा हवेत असतं. मामाला उघड्या गाडीची हौस असेल तर कापडी टपाची थार भाड्याने घे, फुलं लाव, नवरदेव खूश होईल.

गाडी आधीच कापली गेली असेल, तर एवढं तपास. सपाट जागेवर उभी करून चारही दारांच्या वरच्या आणि खालच्या फटी मोजून वहीत लिही. मग एका पुढच्या चाकाखाली सहा इंचांचा लाकडी ठोकळा दे आणि तशाच फटी पुन्हा मोज. दार अडकलं किंवा एखादी फट तीन-चार मिलिमीटरने सरकली, तर त्या गाडीत माणूस बसवायचा नाही. पिलरच्या बुडाशी आणि सिलच्या जोडावर रंगाला केसासारखी रेघ गेली आहे का, ते टॉर्च लावून बघ.

आणि तुझ्या प्रोजेक्टसाठी: तीन मिलिमीटर पुठ्ठ्याची हातभर लांबीची गाडी कर. मागचं टोक टेबलाला क्लॅम्प कर, पुढच्या टोकाला आडवी पट्टी लावून एका बाजूला अर्धा किलो टांग आणि पट्टी किती खाली गेली ते मोज. छपरासकट, छप्पर कापून, आणि छप्पर कापून सिलमध्ये कागदाच्या घट्ट नळ्या घालून, असे तीन आकडे काढ. तिसरा आकडा पहिल्याच्या जवळ आणायला किती ग्रॅम कागद घालावा लागला, तेही लिहून आण. डायल गेज लागली तर माझी घेऊन जा.